मधला तुकडा

पापडावरून माणूस ओळखणारी बाई मी जन्मात एकच बघितली. तिच्या दारात गेलात की ती नाव विचारायची नाही, गाव विचारायची नाही. "बैठ पुट," म्हणजे बस लेकरा, असं म्हणायची, विस्तवावर पापड भाजायची आणि पाण्याच्या पेल्यासोबत पुढ्यात ठेवायची. मग तुमच्या तोंडाकडे ढुंकून बघायची नाही. बोटांकडे बघत राहायची. "मुँह झूठ बोलता है, उँगली नहीं बोलती," हे तिचं ठरलेलं वाक्य.

उल्हासनगरच्या कॅम्पात तिला सगळे पापडवाली अम्मा म्हणायचे. फाळणीनंतर सिंधी लोक बोटींनी मुंबईला उतरले आणि सरकारनं त्यांना लष्करानं सोडलेल्या बरॅकींत आणून टाकलं, त्यातली ती. एका बरॅकीत कितीतरी बिऱ्हाडं, मधे नुसते गोणपाटाचे पडदे. शेजारचा खोकला की आपल्या छातीत कळ यावी, असली जागा. मी जवळच्याच बेलवली गावचा. भावांत जमीन वाटली तेव्हा माझ्या वाट्याला काय आलं ते न बोललेलं बरं. सरपणाच्या मोळ्या बांधायचो आणि कॅम्पात नेऊन विकायचो.

पहिल्यांदा तिच्याकडे मोळी टाकली, तेव्हा तिनं मलाही बसवलं. पापड दिला. आता आमच्याकडे पापड म्हणजे पानातली वस्तू. भाताशिवाय नुसता पापड कोण खातं? मला वाटलं, बाई भली आहे, भात वाढणार. मी पापड हातात धरून भाताची वाट बघत बसलो. भात येईना. हवा दमट, पापड हातातच सादळून फडक्यासारखा लोंबायला लागला. पडद्यापलीकडचा चाचा डोकावून म्हणाला, "अरे ओ मराठा, खाएगा कि झंडा फडकाएगा?" सगळी बरॅक हसली. अम्मा हसली नाही. म्हणाली, "ये राह देखनेवाला है."

तिच्या हिशेबी माणसं चार तऱ्हेची. पापडावर मूठ हाणून चुरा करणारा, तो उतावळा, त्याच्याशी धंदा करू नये. पहिला तुकडा मोडून शेजाऱ्याला देणारा, त्याला मुलगी द्यावी, पण किल्ली देऊ नये. तिसरा कडेकडेनं गोल खात जाणारा. त्याच्याबद्दल ती कधीच काही बोलली नाही. आणि चौथा मी, सादळवणारा. पुढं ओळख वाढल्यावर मी तिला खरं सांगून टाकलं, "अम्मा, मी काही तसला नाय. मी भाताची वाट बघत होतो." तर म्हणाली, "राह तो देखी ना?"

चुकायचीही ती. एकदा असाच एक पहिला तुकडा वाटणारा माणूस तिनं पापड विकायला ठेवला, आणि तो टोपलीसकट पळाला. चाचानं टोमणा मारला, "अम्मा, तेरा बाँटनेवाला गया." अम्मा लाटणं न थांबवता म्हणाली, "बाँटने ही गया होगा."

माझी बायको जनी तिच्याकडे पापड लाटायला जायला लागली. पहिल्या दिवशी तिच्याही पुढ्यात पापड आला. जनीनं पापड मधोमध मोडला, अर्धा खाल्ला आणि अर्धा पदराच्या गाठीत बांधला. माझ्यासाठी. मी विचारलं, "अम्मा, ही कुठल्या तऱ्हेची?" अम्मानं तिला जवळ ओढलं. "ये तरह नहीं है पुट. ये भूख है." त्या दिवसापासून जनी दुपारचं तिथंच जेवायची.

आता माझी नात मासिकातले प्रश्न घेऊन बसते. तुम्हाला गर्दी आवडते का, तुम्ही आधी विचार करता की आधी करून टाकता, असले. मग खुणांची बेरीज करून सांगते, "आजोबा, तुम्ही अमक्या प्रकारचे." मी म्हणतो, बाई, मला हे एका पापडावर सांगून झालंय. ती ते हसण्यावारी नेते. जाऊ दे.

अम्माचा नवरा मागं सिंधमध्येच राहिला होता. तिकडं त्यांचं किराणा दुकान होतं. "ताला मारके आता हूँ, तू कल्याण कॅम्प में बैठ," असं सांगून त्यानं तिला बोटीत चढवलं. कल्याण कॅम्प म्हणजे हेच उल्हासनगर. तो आलाच नाही. ती बसली. वर्षामागून वर्ष बसली. कॅम्पाबाहेर चांगली खोली मिळत होती तरी तिनं ती बरॅक सोडली नाही. त्याला ठाऊक असलेला पत्ता हा कॅम्पच.

मग सरकारनं ठरवलं, तिकडं सोडलेल्या मालमत्तेच्या बदल्यात इथली जागा नावावर करून द्यायची. दुकान नवऱ्याचं. म्हणजे एक तर नवरा समोर उभा करा, नाही तर मी त्याची विधवा आहे म्हणून सांगा. एवढंच सांगायचं होतं. चाचानं तिच्यापुढं हात जोडले. "अम्मा, एक लफ्ज बोल दे. बोलने से कोई मरता है?"

"बोलने से ही मरता है," अम्मा म्हणाली.

कचेरीत मी आणि जनी तिच्याबरोबर गेलो. अम्मानं फडक्यात भाजलेला पापड बांधून नेला होता. साहेबाच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "पहले खाओ साईं, फिर पूछो." साहेबानं एका बोटानं तो बाजूला सारला आणि विचारलं, "नवरा जिवंत की मयत?"

"आनेवाला है."

"जिवंत की मयत, बाई?"

"आनेवाला है, साईं."

जनीला राहवलं नाही. "साहेब," ती म्हणाली, "बांगड्या फोडायचं काम सरकारनं कधीपासून घेतलं?" शिपायानं आम्हा तिघांना बाहेर काढलं. पायरीवर बसून अम्मा टेबलावरून उचलून आणलेल्या पापडाकडे बघत राहिली. म्हणाली, "जो हाथ ही न लगाए, उसको मैं कैसे पढ़ूँ?" मग तिनं तो पापड तसाच परत फडक्यात बांधला. ते हात मला अजून दिसतात.

जागा दुसऱ्याच्या नावावर झाली. अम्माला अजमेरकडे कुठल्याशा लांबच्या नणंदेकडे जायची पाळी आली. टांगा दारात उभा, तरी ती चढेना. जनीच्या हातात तिनं आपलं लाटणं दिलं. मग मला बाजूला घेतलं आणि माझं मनगट असं धरलं की सुटेना.

"तू राह देखनेवाला है. तू देखना. वो यहाँ आएगा, मुझे ढूँढेगा. बोलना, अजमेर गई."

"अम्मा, मी त्याला ओळखणार कसा? मी बघितलाय कुठं?"

"पापड देना. किनारे-किनारे से खाएगा. बीच का टुकडा मेरे लिए छोडेगा. हमेशा छोडता है."

तेव्हा मला कळलं, ही बाई इतकी वर्षं दारात येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बोटांकडे का बघत होती.

टांगा गेला. पुढं मी अंबरनाथला कारखान्यात लागलो, पण सुट्टीच्या दिवशी त्या बरॅकीवर चक्कर मारायचो. नवीन बिऱ्हाडाला विचारायचो, कुणी म्हातारा विचारत आला होता का? जनी घरी पापड भाजून ठेवायची. वाट चुकलेला कुणी सिंधी दिसला की मी त्याला घरी आणायचो, बसवायचो. कुणी चुरा केला, कुणी आम्हालाच तुकडा दिला. कडेकडेनं खाणारेही भेटले, पण त्यांनी मधलाही खाऊन टाकला. अम्माचं पुढं काय झालं ते कळलं नाही. मग बरॅकीही पाडल्या.

जनी गेली त्याला फार दिवस नाही झाले. लोक समजावतात, आजोबा, वय झालं होतं, सुटली. मला कुणी समजवू नये. मला सगळं समजतं. मी तिला माझ्या हातानं अग्नी दिलाय, तिच्याबद्दल जिवंत की मयत असं मला कुणी विचारणार नाही. अम्माजवळ निदान 'आनेवाला है' होतं. त्या दोन शब्दांवर ती जगली. माझ्याजवळ ते पण नाही, आणि तरी रात्र काही सरत नाही.

संध्याकाळी सून पापड भाजून देते. मी आता हातात धरून बसत नाही. कडेकडेनं खातो. मधला तुकडा ताटात ठेवतो. सून ताटावर झाकण ठेवते. सकाळी तो सादळलेला असतो. सादळलेला पापड मोडत नाही, फाडावा लागतो. आवाजसुद्धा होत नाही.