उलटा लागलेला झेंडा

कवठे महांकाळात आम्ही पाण्याच्या टँकरची वाट बघायचो आणि आमच्या ह्यांनी पडवीत समुद्र मांडलेला. नेव्हीतून निवृत्त होऊन घरी आल्यापासून हाच नाद. शिडाची छोटी गलबतं करायची, तीही नुसती ठोकळ्यावर उभी नाहीत, भर समुद्रात चाललेली. प्लास्टरच्या लाटा, त्यांवर निळा-हिरवा रंग, वर वार्निशचे हात, फेसाला कापूस. माझी सुती साडी कापून, चहाच्या पाण्यात बुडवून शिडं केली, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं.

मग त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गल्ली, मग पोटची लेक. बोलणं तर बंदच झालं. शेवटचं गलबत अर्धवट राहिलं. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, "ओळखीच्या वस्तू समोर ठेवत जा." लेकीनंतर आता विसरलं जायची पाळी माझीच, हे मला कळत होतं. ते सहन होईना.

म्हणून मीच ते गलबत पुरं करायला बसले. समुद्र मी एकदाच, तोही एसटीच्या खिडकीतून पाहिलेला. तरी शिडं शिवली, दोऱ्यांना मेण चोळलं, डोलकाठीला ताणून बांधल्या. रडत, देवाला शिव्या घालत. शेवटी वर बोटाएवढा झेंडा चिकटवला आणि सगळं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

ते वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"झेंडा उलटा हाय."

किती दिवसांनी अख्खं वाक्य! "आवं, उलटा कसा?" मी विचारलं. उसाच्या ट्रॅक्टरवर झेंडा मागं फडफडतो, मी तसाच लावला होता.

"वारं मागनं येतंय. शिडं म्होरं फुगल्यात. झेंडा बी म्होरंच जाणार."

त्यांनी तो अलगद सोडवला, फिरवून नीट लावला. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात घट्ट धरला.

त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. परक्या बाईसमोर सरकतात तसे जरा मागं सरकले.

"तुमच्या घरातलं कोण नेव्हीत हाय का, बाई?"

"व्हय," मी म्हणाले. "मालक हायत."

"सुट्टीवर कवा येणार?"

गलबत खिडकीत ठेवायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली.

"ठरलं न्हाई अजून."