शिगोशीग तेल

माझ्या पायाला भिंगरी आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. जेवतानाही माझा एक गुडघा हलत असतो. कीर्तनाला नेलं तर अर्ध्यात उठून चपला नीट लावून येते. लग्नाच्या वेळी पाहुण्यांनी पोरीचा स्वभाव विचारला, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उत्तर दिलं होतं, "चांगली हाय, पन बसत न्हाय." पाहुणे हसले आणि लग्न ठरलं.

नवरा मिळाला तो ढोकीत ट्रॅक्टरचं गॅरेज चालवणारा. कारखान्याचा हंगाम असतो तेव्हा त्याच्या दारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. हंगाम संपला की तो भंगारातून काहीतरी उभं करत बसतो. एका उन्हाळ्यात त्यानं पाइप वाकवून, वेल्डिंग करून एक बुटकी गाडी केली. मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत पळवायची. एकच सीट, दारं नाहीत, काच नाही, आणि सीटच्या मागं एका जुन्या टेम्पोचं डिझेल इंजिन. बाकीचे सगळे पेट्रोलची इंजिनं आणतात. पण याचं अख्खं आयुष्य डिझेलमध्ये गेलेलं, त्याला दुसरं काही सुचलंच नाही. लोक आमच्या गाडीला ट्रॅक्टरची धाकटी बहीण म्हणतात. म्हणोत बापडे.

गाडी त्यानं केली आणि पळवते मी. त्याला वेगाची भीती वाटते. हे तो स्वतः चारचौघांत सांगतो, मी सांगितलं की मात्र रुसतो. मला त्या सीटवर बसलं की बरं वाटतं. पट्टा आवळला, इंजिन सुरू झालं की माझा गुडघा हलायचा थांबतो. सगळ्या जगात तेवढी एकच जागा आहे जिथं मला बसवतं, आणि ती अप्पांनी एकदा डोळ्यांनी बघावी असं मला फार वाटायचं. ते नको म्हणत नव्हते, पण येतही नव्हते. "तुला घरात करमत न्हाय, व्हय?" एवढंच फोनवर विचारायचे.

अप्पांचं जळकोटला धान्याचं दुकान आहे, आणि मागं पिठाची गिरणी. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. दुकानात आता वजनकाटा आला आहे, पण गावातली जुनी गिऱ्हाइकं अजून मापानं घेतात, आणि अप्पांचं माप म्हणजे शिगेचं माप. माप काठापर्यंत भरायचं, मग वर ज्वारीचा ढीग करायचा, इतका की शेवटचे दाणे घरंगळून खाली पडायला लागले पाहिजेत. ती शीग. सपाट माप देणं म्हणजे अप्पांच्या लेखी समोरच्याला दारातून हाकलणं. काट्यावर तोलूनसुद्धा ते वर एक मूठ टाकतातच. जेवायला वाढतानाही तेच. पाहुणा ताटावर हात आडवा धरून "साकु, साकु" म्हणतो, म्हणजे कानडीत पुरे पुरे, आणि अप्पा त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडतात. त्यांनी कुणाचं साकु ऐकल्याचं मला आठवत नाही.

गिरणी आता विजेवर चालते. पूर्वी ती तेलाच्या इंजिनावर चालायची. रोज सकाळी अप्पा आधी विभूती लावायचे, मग देवापुढच्या दिव्यात तेल घालायचे, आणि त्याच ओघात जाऊन इंजिनात तेल घालायचे. ते जुनं, धिमं इंजिन तेल पीतही होतं खूप. "यंत्राला आधी पाजायचं, मग राबवायचं," असं ते म्हणायचे. हे सगळं आधीच सांगून ठेवते आहे, कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

येडशीच्या अलीकडं माळावर शर्यत होती, आणि त्या दिवशी अप्पा आले. पांढरं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. मला इतका आनंद झाला की मी त्यांना धड पाणीही विचारलं नाही. गाडीभोवती दोन चकरा मारून दाखवलं, हे हँडल, हा ब्रेक, ही मी बसते ती जागा. मग नवरा गाडीचा नंबर आणायला मंडपाकडं गेला आणि मी ट्रॅक पायी चालून बघायला गेले. वळणावर माती किती भुसभुशीत आहे, खड्डा कुठं आहे, हे मी पायांनी बघते. अप्पा गाडीजवळ एकटे राहिले.

परत आले तेव्हा गाडीच्या नाकावर विभूतीचे तीन पट्टे होते आणि अप्पांच्या धोतरावर तेलाचा डाग.

"अप्पा, धोतर बघा की."

"ऱ्हाऊ दे. यंत्राजवळ आलं की लागतंच."

मला वाटलं कुठंतरी घासलं असेल. हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले, आणि सरावाच्या फेरीला निघाले. सरावाला एका वेळी एकच गाडी सोडतात, हे आमचं नशीब.

पहिली फेरी छान झाली. अप्पा दोरीच्या पलीकडं टोपी काढून हातात धरून उभे होते, ते मला जाताना दिसले. दुसऱ्या फेरीत लांबच्या वळणाआधी मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी हळू झाली नाही. उलट आवाज चढला. आधी वाटलं केबल अडकली असेल, मातीनं तसं होतं कधीकधी. पायाच्या चवड्यानं पेडल मागं ओढलं, ते रिकामंच मागं आलं. मग चावी फिरवली. चावी बंद केली आणि इंजिन चालूच राहिलं.

ते कसं वाटतं हे मला अजून नीट सांगता येत नाही. बंद केलेली गोष्ट चालू राहते, नुसती राहत नाही, जोर धरते. आरशात मागं निळा-पांढरा धूर, इतका की ट्रॅक दिसेना. तोंडात जळक्या तेलाची चव. मी घाबरून क्लच दाबला, आणि ती चूक होती. चाकांचा भार सुटल्याबरोबर इंजिन असं किंचाळलं की आता फुटतंय की काय वाटलं. ते माझ्या पाठीला लागूनच होतं, मधे फक्त एक पत्रा.

गॅरेजमध्ये एकदा एक ट्रॅक्टर असाच सुटला होता. नवऱ्यानं धावत जाऊन ओलं पोतं हवेच्या तोंडात कोंबलं आणि तो गुदमरून बंद पडला. तेव्हा चहा पिताना त्यानं मला सांगितलं होतं, "डिझेल सुटलं आन तू सीटवर असलीस, तर वरचा गिअर टाक. क्लच सोड आन ब्रेकवर उभी ऱ्हा. त्याला जड कर. जड झालं की मरतंय." मी तेव्हा निम्मं ऐकलं होतं. उरलेलं निम्मं कुठून आठवलं देव जाणे.

समोर वळण होतं आणि वळणापलीकडं पाण्याचा टँकर, त्याच्या सावलीत माणसं बसलेली. डाव्या हाताला मात्र कुणाचं तरी नांगरून टाकलेलं वावर होतं, हे एवढाली ढेकळं. मी वरचा गिअर घातला, क्लच सोडला, आणि हँडल डावीकडं ओढलं. ट्रॅकच्या कडेचा मातीचा बांध गाडीनं उडवला. नांगरटीत शिरल्यावर डोकं मागच्या पाइपवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. गाडी ढेकळांत रुतत गेली, इंजिन घुमत होतं, आणि माझ्या तोंडून शिव्या चालल्या होत्या, ज्या मला येतात हे घरी कुणाला माहीत नाही. मग एक मोठा हिसका बसला आणि सगळं बंद.

लोक धावत आले. नवरा सगळ्यात पुढं, हातात ओलं पोतं. त्यानं ते आधी इंजिनाच्या तोंडाशी दाबलं आणि मग मला बाहेर ओढलं. हाडं शाबूत होती. अप्पा ढेकळांतून अनवाणी आले, चप्पल कुठंतरी तुटली होती. त्यांनी माझ्या तोंडावरची माती टॉवेलनं पुसली.

"लागलं का गं?"

"नाही अप्पा. काही नाही."

तेवढ्यात नवऱ्यानं इंजिनाची डिपस्टिक ओढून बघितली. तेल वरच्या रेघेच्या कितीतरी वर होतं. तो ओरडला, "ऑईल कुनी घातलंय ह्याच्यात? म्या सकाळीच भरलंवतं की!"

अप्पांनी लगेच सांगितलं, "म्या घातलं. डबा शेजारीच हुता. भरून घातलं." ते एकदा इंजिनाकडं आणि एकदा नवऱ्याकडं बघत होते. "जास्त झालं तर काय हुतंय?"

नवऱ्याचा आवाज खाली आला. त्यानं समजावून सांगितलं, की तेल जास्त झालं की ते नळीतून हवेच्या वाटेवर चढतं, इंजिन तेच ओढून जाळायला लागतं, मग डिझेल तोडलं तरी थांबत नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मागून कुणीतरी शहाणा म्हणाला, "अति तिथं माती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळून त्याला असं काही बोलले की तो गर्दीत दिसेनासा झाला. पण अप्पांनी ते ऐकलं होतं. ते बाभळीखाली ट्रॉलीच्या दांडीवर जाऊन बसले आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत तिथून उठले नाहीत. पिशवीत काय आणलं होतं तेही काढलं नाही.

इंजिन वाचलं. नवऱ्यानं ते खोलून, धुऊन परत बसवलं. माझी मान आठवडाभर आखडली होती, तीही सुटली. मला वाटलं, संपलं. मग अव्वाचा फोन आला, माझ्या आईचा.

"तुझे अप्पा सपाट माप द्यायलेत," ती म्हणाली. "बायका विचारायल्यात, अप्पा आजारी हाईत का म्हून. काय झालंय, मला तर कायच सांगत न्हाईत."

त्या रात्री मी अंथरुणात नुसती कुशी बदलत होते. सकाळची पहिली एसटी धरून जळकोटला गेले. अप्पा गादीवर बसले होते आणि शेजारच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई ज्वारी घ्यायला आल्या होत्या. अप्पांनी माप भरलं आणि तळहात काठावरून फिरवून वरचे दाणे पाडून टाकले. सरळ, सपाट. बाई पिशवीचं तोंड उघडं धरून तशाच उभ्या राहिल्या, वरच्या मुठीची वाट बघत.

"साकु," अप्पा म्हणाले.

माझ्या वडिलांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाई पिशवीचं तोंड आवळून गेल्या. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच, आणि मी दुकानात येरझारा घालायला लागले.

"पुढची शर्यत आहे, अप्पा. तुम्ही यायचं."

"म्या येत न्हाय."

"का?"

त्यांनी आपला उजवा हात उलटसुलट करून बघितला. "ह्याला कळत न्हाय कुटं थांबायचं ते. त्या दिशी तू वाचलीस. पुन्यांदा मला तिथं हुभं करू नगंस."

ते रागावले असते तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही आला नाहीत तर मी त्या गाडीत बसणार नाही. बघा मग. घरात बसते."

अप्पांनी मान वर केली. मी घरात बसेन ही धमकी त्यांना खरीच भीतीदायक वाटली असावी. ते आले.

माळ तोच, बाभूळ तीच. नवऱ्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यानं तेल थोडं कमी ठेवलं होतं. गाडीजवळ पोचल्यावर मी तेलाचा डबा अप्पांच्या हातात दिला. ते मागं सरकले.

"तुम्हीच घालायचं," मी म्हणाले. "हे बघा, डिपस्टिकवर दोन रेघा आहेत. या दोन्हींच्या मधे. मी बघते, तुम्ही घाला."

अप्पांनी डबा कलता केला. त्यांनी बारीक धार सोडली आणि थांबले. मी डिपस्टिक पुसली, घातली, काढली, त्यांना दाखवली. त्यांनी आणखी थोडं घातलं. पुन्हा दाखवली. नवरा लांब उभा राहून उगाच टायरकडं बघत होता. एवढा वेळ एका जागी मी आयुष्यात उभी राहिले नव्हते, पण राहिले.

"साकु?" अप्पांनी विचारलं.

"साकु."

ते थांबले. झाकण त्यांनीच लावलं, दोनदा पिळून बघितलं. मग टॉवेलला हात पुसून पिशवीत हात घातला. भाजलेल्या शेंगा होत्या, मागच्या वेळी तशाच परत गेल्या होत्या तसल्याच. मी ओंजळ पुढं केली. ओंजळ भरली, वर ढीग झाला, शेंगा घरंगळून माझ्या बुटांवर पडायला लागल्या. तिकडं शिट्टी झाली, माझा नंबर लागला होता.

"साकु, अप्पा," मी म्हणाले, "साकु."

त्यांनी ऐकलं नाही.