परबकाका कुणाला बसू देत नसत

चित्र काढायचं म्हटलं की माणूस ताठ बसतो. परबकाकांना नेमकं तेच खपत नसे. कॉलेजसाठी मी मुंबईत, त्यांच्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या खोलीत पोटभाड्यानं राहायला आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी कागद घेतला, तेव्हा मी केस सारखे करून उभा राहिलो. "रे, तुझो काय फोटो काढतंय? चाय गाळ मुकाट्यान." चहा गाळतानाच त्यांनी मला काढलं.

आयुष्यभर त्यांनी चाळच रंगवली. नळावर हंडा घासणारी बाई, गॅलरीत दाढी करणारा माणूस. लोक मात्र कुरकुरत. शेजारच्या सावंतवहिनी एकदा स्वतःचं चित्र बघून म्हणाल्या, "काका, गळ्यात निदान हार तरी काढायचा!"

"त्या दिवशी हार होतो गळ्यात?"

"नव्हता."

"मगे माका खयसून दिसतलो?"

मी बी.ए. झालो तेव्हा आई सांगोल्याहून आली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई दुसऱ्यांच्या शेतात भांगलणीला, तण काढायला जाते, शाळेत ती कधी गेली नाही. काका तिचं चित्र काढणार म्हटल्यावर ती म्हणाली, "दादा, मला पुस्तक वाचताना काढा."

"ताई, वाचता येतं?"

"न्हाई."

"मग मला नाही जमायचं."

आई तोंड फिरवून बसली. तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं होतं. काकांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "माका कळता रे. पण हात जाणा नाय."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून आलो, तर आई फळीवरची माझी पुस्तकं उतरवून एकेक पदरानं पुसत होती. गावीही ती हे रोज करते. काका कोपऱ्यात बसून काढत होते. मला त्यांनी हातानंच दारात थांबवलं.

चित्रात आईच्या मांडीवर पुस्तक आहे, मान खाली, पदराचं टोक पुठ्ठ्यावर. आईनं ते बराच वेळ पाहिलं आणि "बरं हाय" म्हणाली. काकांनी ते तिलाच दिलं.

गावी कुणी विचारलं की ती सांगायची, "वाचायलाच घेतलंया. आदी जरा पुसून घेतीया."

काकांना हे खोटं रुचणार नाही, असं मला वाटलं. तरी फोनवर सांगितलं. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "बी.ए. झालंस मां तू? मगे शिकव तिका. माझा चित्र खोटा पडूक नको."

त्यानंतर वर्षभरात काका गेले. आई हल्ली फक्त जोडाक्षरांना अडते.