काशीरामच्या डोक्यावरचा मुकुट

काशीराम बोरीवलीत गोराईच्या म्हाडा वसाहतीत राहतो. रस्त्यात दिसला तर तुम्ही दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात सपाता, हातात कोथिंबीर डोकावणारी पिशवी. बाप कोकणातून येऊन परळच्या गिरणीत लागला. काशीराम गोरेगावच्या स्टुडिओत रंगभूषा करायला लागला आणि तिथेच म्हातारा झाला. पौराणिक मालिकांतल्या निम्म्या देवांना त्याने आपल्या हाताने रंग लावला. पण जत्रांचे दिवस आले की हा रजा टाकून गावी पळायचा आणि दशावतारात स्वतःच विष्णू व्हायचा. स्टुडिओतल्या देवांबद्दल मी विचारलं तर मला म्हणायचा, "नाना, थंयचे देव पगारी."

त्या दशावतारी मंडळींचा एक नियम होता. मुकुट डोक्यावर चढला की काशीराम नावाचा माणूस तिथे उरत नाही. त्याला नावाने हाक मारायची नाही, आणि त्याने कोणापुढे वाकायचं नाही. म्हाताऱ्या, पोरंबाळं, गावचे मानकरी, सगळे त्याच्या पाया पडायचे. त्याचा बापही पडायचा. मुकुट उतरला की सगळं उलटं. मग कोणी वाकू लागलं तर काशीराम मागे सरकायचा. "मुकुट उतरलो गे बाय. आता मी काशीराम," म्हणायचा आणि विडी शोधायला लागायचा.

मी नाटकात हयात घालवली. पडदा पडून तास झाला तरी ज्यांचं राजेपण उतरत नाही असे नट मी ढिगाने पाहिले, त्यांच्या पंक्तीला जेवलो, त्यांच्या तेराव्यालाही जेवलो. देवपण असं टोपीसारखं खुंटीला अडकवून विडी ओढणारा हा एकच पाहिला.

आमची ओळख झाली ती 'शेजार' वाहिनीमुळे. वाहिनी म्हणजे काय, तर बाभईच्या बाजूला वेफर्सच्या दुकानावर एक लांबट खोली, दोन कॅमेरे आणि केबलवाल्याची हौस. उद्या पाणी कुठे येणार नाही, कोणाचा पोपट हरवला, कुठल्या सोसायटीत संगीतखुर्ची झाली, हे सगळं ती दाखवायची. गोराईची सगुणा कोळीण येऊन बोंबील साफ कसा करायचा ते दाखवायची आणि ज्यांना येत नाही त्यांच्या सासवांचा उद्धार करायची. मी जुन्या नाटकांच्या गप्पा मारायचो. काशीराम आम्हा सगळ्यांच्या तोंडाला पावडर लावायचा. सगुणेला लावायला गेला तेव्हा ती म्हणाली, "ए बाबा, मना काय लगनाला उभी करतंस काय?"

आणि दर रविवारी सकाळी दशावतार लागायचा. इथल्या कोकणी मंडळाने मैदानावर केलेले प्रयोग 'शेजार'ने वर्षानुवर्षं चित्रित करून ठेवले होते. त्यात काशीराम विष्णू आणि रामचंद्र लक्ष्मी. रामचंद्र म्हणजे मंडळाचा स्त्रीपार्टी नट. तो नऊवारीत उभा राहिला की पुढच्या रांगेतल्या बायका आपला पदर सारखा करायच्या. पुढे त्याला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. माणसं ओळखतो की नाही तेही कळेना. पण रविवारी दशावतार लागला, मृदंगावर पहिली थाप पडली, की त्याचा डावा हात गादीवर ताल धरायचा. आपली वाक्यं आली की ओठ हलायचे. त्याची सून श्वेता सांगायची, "आठवडाभर बाबा कुठे असतात देव जाणे, रविवारी घरी येतात."

तर ही वाहिनी बंद झाली. बंद झाली असं तिचा मालक म्हणत नाही. तो म्हणतो, वाहिनी 'वर गेली'. मालक म्हणजे सर्वेश, हौशी केबलवाल्याचा बेहौशी मुलगा. पाणी कधी जाणार हे सांगून जाहिराती मिळत नाहीत, पाण्यात मंत्र घातला की मिळतात, एवढा साक्षात्कार त्याला झाला आणि 'शेजार'चं 'साक्षात्कार' झालं. संगीतखुर्चीच्या जागी प्रज्योतस्वामी आले.

सकाळी स्वामी, दुपारी सकाळचेच स्वामी, संध्याकाळी वेगळ्या शालीतले स्वामी. खाली फोन नंबर सरकतोय. संतान होत नाही, फोन करा. व्हिसा होत नाही, फोन करा. मी देव मानतो. रंगपटात नटराजाला हात जोडल्याशिवाय कधी बाहेर पडलो नाही. म्हणूनच हा प्रकार पाहून मला किळस येते. स्वामी हिमालयात वाढले असं जाहिरात सांगते, आणि ते पटावं म्हणून स्वामी एक हिंदी बोलतात, जी हिमालयात कोणी बोलत नाही आणि मैदानातही नाही. बोलताना मध्येच डोळे मिटतात. आमच्याकडे पाठ केलेली नक्कल आठवत नसली की नट असे डोळे मिटायचे.

रविवारी रामचंद्रच्या टीव्हीवर स्वामी दिसायला लागले. त्याचा हात हलेना. श्वेताने काशीरामला फोन केला आणि काशीराम सर्वेशकडे गेला. सोबत मी.

"रविवारचो कार्यक्रम चालू कर रे," काशीराम म्हणाला.

"काका, स्लॉट गेला. आता चोवीस तास स्वामीजी."

"मग जुने प्रयोग तरी दे. आमी घरी लावू त्याका."

"हार्ड डिस्कमध्ये आहेत ते. चॅनलची प्रॉपर्टी आहे ना." सर्वेशने खुर्ची एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली. "पण एक करता येईल. गुरुपौर्णिमेला लाइव्ह आहे आपलं. तुम्ही विष्णूच्या गेटअपमध्ये या. स्वामीजींच्या पायावर डोकं ठेवा. साक्षात विष्णू. झकास दिसेल. सगळी डिस्क देतो तुम्हाला."

"मुकुट घालून पाया पडू?"

"मुकुटाशिवाय विष्णू कसा ओळखू येणार, काका?"

मी सर्वेशला म्हटलं, "तुझ्या वडिलांनी तुला दुसऱ्या धंद्यात घालायला हवं होतं."

"नाना, हाच दुसरा धंदा आहे," तो म्हणाला. बेशरम माणसाला कधी कधी चांगलं वाक्य सुचतं. नाटकातही व्हायचं असं.

घरी येताना काशीराम वसाहतीच्या फाटकाशी थांबून म्हणाला, "नाना, मी जातंय."

"वाकणार?"

"वाकणार. पण मुकुट काढून हातात घेऊन. मग तो वाकणारो काशीराम. काशीराम कोणापुढेय वाकता. साहेबापुढे वाकलो, मुकादमापुढे वाकलो, ह्या भोंदूपुढेय वाकात."

"सर्वेश डिस्क देईल?"

"नाय दिल्यान तर नाय. पण रामचंद्राक काय सांगू, माझी पाठ दुखता म्हणान?"

मित्रासाठी माणूस किती खाली वाकू शकतो याचं माप माझ्याकडे नव्हतं.

गुरुपौर्णिमेला ती लांबट खोली गच्च भरली होती. पुढे बोरीवली-दहिसरच्या बायका बसल्या होत्या, बऱ्याचशा कोकणातल्या. मखमली सोफ्यावर स्वामी. मागे फळ्या ठोकून केलेल्या खोलीत काशीरामने स्वतःला रंगवलं. त्याआधी त्याने स्वामींनाही रंगवलं होतं, कारण ते त्याचं कामच होतं. त्याच डबीतला रंग, तोच आरसा. स्वामींचं हिमालयी तेज कुठून येतं हे बघणारे आम्ही दोघेच. मुकुटाची नाडी मी बांधली. सोडायला सोपी जावी अशी सुरगाठ मारली.

सर्वेशला रेकॉर्डवरचा शंख वाजवायचा होता. काशीराम म्हणाला, मृदंगाशिवाय मी दारातून आत येणार नाही. मंडळाचा मृदंगवाला आणि झांजवाला आले होते. थाप पडली. झांज कडाडली. आणि विष्णू आत आला.

इतक्या वर्षांनी मी त्याला आत येताना पाहत होतो. कोथिंबिरीच्या पिशवीवाला माणूस कुठे गेला कळलं नाही. हातभर उंची वाढली, मान वळली ती अख्ख्या खोलीचं एकदम भलं करत वळली. पुढच्या बायका बसल्या जागेवरून उठल्या. काशीराम सोफ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने हात मुकुटाकडे, माझ्या सुरगाठीकडे नेला.

तेवढ्यात प्रज्योतस्वामी सोफ्यावरून उठले. खडावा काढून बाजूला सारल्या, सरळ पुढे आले आणि दोन्ही हातांनी विष्णूचे पाय धरून त्यावर डोकं टेकवलं.

त्यात नाटक नव्हतं. नाटक असतं तर मला कळलं असतं. लहानपणी देवळासमोरच्या मांडवात, आईने मानेला धरून शंभरदा वाकवल्याशिवाय असं वाकता येत नाही. आधी उजवा पाय, मग डावा, मग तीच बोटं डोळ्यांना. हिमालयात हे शिकवत नाहीत. हे मालवण-वेंगुर्ल्याकडे शिकवतात.

काशीरामने मुकुटाकडे गेलेला हात खाली आणला आणि आशीर्वादासाठी उभा धरला. मुकुट डोक्यावर असताना दुसरं काही करता येत नव्हतं. बायका रांगेने पुढे आल्या. कॅमेरे चालूच होते. सर्वेश कोपऱ्यात दोन्ही हातांनी कापा, कापा अशी खूण करत होता. पण सगळं थेट जात होतं, आणि थेट जाणारी गोष्ट कापता येत नाही हे तो त्या दिवशी शिकला.

कार्यक्रम संपला तसा काशीराम मागच्या खोलीत आला. मी मुकुट उतरवला. त्याने विडी काढली. इतक्यात स्वामी आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मला त्यांनी मोजलंच नाही. रंगपटातल्या म्हाताऱ्या माणसाला कोण मोजतो?

"तुमी कोणाक सांगू नका," स्वामी म्हणाले. हिंदी दाराबाहेर राहिली होती.

"गाव खंयचा रे तुझा?"

"मालवणाच्या वरती. धोंडू नाव माझा. आवशीन शिकवलेला, मुकुट दिसलो की पाय धरूचे. हात आपसूक गेले."

"बरां शिकवल्यान."

"तुमका ती डिस्क व्हयी ना? सर्वेशाक सांगतंय, आत्ताच्या आत्ता देयत. रविवारचो कार्यक्रम पण चालू करूया. फक्त तोंड बंद ठेवा."

काशीरामने विडी पेटवली नव्हती. ती तशीच बोटांत फिरवत तो त्याच्याकडे बघत राहिला. मला रामचंद्रचा गादीवरचा हात दिसत होता. काशीरामलाही तोच दिसत असणार.

"मी सांगूचंय नाय," तो म्हणाला. "रंगपटातला बाहेर सांगूक नाय, ही आमची रीत. त्याचा मोल कसो घेऊ? तू असां कर झिला. ह्यो कापूस घे, तोंड पूस. मगे धोंडू म्हणान बाहेर जा, आणि धोंडू म्हणान माका डिस्क दी. मी हात जोडून घेतंय."

त्याने खोबरेल तेलात बुडवलेला कापूस पुढे केला. आणि धोंडूने तो घेतला, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. कपाळापर्यंत नेलासुद्धा. गंधाचा एक कोपरा पुसला गेला आणि खालून साधं, घामेजलेलं, चाळिशीतलं कपाळ दिसलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. "स्वामीजी, दर्शनाला लाइन लागलीय."

धोंडूने कापूस ठेवला. आरशात वाकून कोपरा पुन्हा काढला, डोळे एकदा मिटून उघडले आणि "हां, आ रहे हैं," म्हणत निघून गेला.

"गंध वाकडा काढल्यान," काशीराम म्हणाला आणि विडी पेटवली.

डिस्क मिळाली नाही. काशीरामने आजतागायत कोणाला काही सांगितलं नाही. मी दशावतारी नाही, मला त्यांची रीत लागू नाही, म्हणून मी स्वामींचं नाव बदलून लिहिलं; हिमालयात खरोखर अशा नावाने कोणी फिरत असलं तर त्याला हे वाचून काही वाटू नये.

स्वामींची अब्रू गेली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फार चांगले लोक आहात. चौथ्या दिवशी 'साक्षात्कार'वर नवी जाहिरात सुरू झाली. मृदंगाची थाप, दारातून येणारा विष्णू, त्याच्यापुढे नतमस्तक स्वामी आणि सर्वेशचा घोगरा आवाज: 'साक्षात भगवान ज्यांच्या भेटीला येतात!' खाली फोन नंबर. म्हणे फोन दुप्पट वाढले. थुंकी झेलून तिचं तीर्थ करणाऱ्या माणसांपुढे टीका करणाऱ्याने काय करावं? मी नाटकं पडताना पाहिली आहेत. असली नाटकं पडत नाहीत, कारण त्यांचा प्रेक्षक तिकीट काढून नव्हे, हात जोडून येतो.

रविवारी आम्ही रामचंद्रकडे गेलो. काशीराम जिन्यातच ओशाळला होता, काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होता. श्वेताने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

आत टीव्ही चालू होता. व्हिसा न होणाऱ्यांसाठी स्वामी काहीतरी सांगत होते आणि रामचंद्र भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"थांबा, आता लागेल," श्वेता कुजबुजली. "दिवसभर लावतात मेले."

मृदंगाची थाप पडली. रामचंद्रची मान हळूहळू वळली. पडद्यावर मुकुट घातलेला काशीराम दारातून आत येत होता, आणि गादीवर डावा हात ताल धरत होता. ओठ हलले. विष्णू आल्यावर लक्ष्मीचं जे पहिलं वाक्य असतं ते तो म्हणत होता, आवाजाशिवाय, पूर्ण.

काशीराम पलंगाशी टेकला आणि त्याने विष्णूचं पुढचं वाक्य म्हटलं. साध्या आवाजात, सपाता घालूनच.

मग पडद्यावर स्वामी वाकले, फोन नंबर आला, आणि रामचंद्रने मान पुन्हा भिंतीकडे वळवली.