कोन म्हनते, ते लिव

गौतमभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या ऑफिसात पेपरचं पान लावत होतो. फोन त्यांच्या मुलीचा होता. ती एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले…"

मंगरूळपीरला बसस्टँडजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि आमच्या पेपरचे वार्ताहरही तेच. ते फोनवर बातमी सांगत असताना मी लिहून घेण्याची घाई केली की हमखास थांबवायचे. "कोन म्हनते, ते लिव आधी." मला त्याचा वैताग यायचा, मी खोटं कशाला लिहीन!

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका ठाण्यात चौकशीसाठी नेलेला संतोष नावाचा हमाल दगावला. भाऊंनी लिहून पाठवलं, की पोलिसांच्या ताब्यात असताना संतोषचा मृत्यू झाला. पोलीस म्हणतात चक्कर आली, घरचे म्हणतात मारहाण झाली. शवविच्छेदनाचा अहवाल यायचा आहे. मी ते कापून एका ओळीत आणलं, 'आरोपीचा चक्कर येऊन मृत्यू'. कोणाची बाजू घ्यायला नको, हाच माझा हेतू होता. ठाण्यातून फोन नाही, मोर्चा नाही, सुंठीवाचून खोकला गेला असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ ऑफिसात हजर.

"चक्कर येतानी तू तिथं होता का?"

"प्रेसनोटमध्ये तसंच होतं, भाऊ."

"मंग पोलीस म्हनतात असं लिवाचं ना! मारतानी मी बी नवतो, म्हनून मी दोघाईचं लिवलं. अन् 'आरोपी' कायले? गुन्हा तरी दाखल झाला होता का त्याच्यावर?"

मग मला मोटरसायकलवर बसवून ते संतोषच्या आईकडे घेऊन गेले. म्हातारीला वाचता येत नव्हतं, शेजाऱ्याने तिला बातमी वाचून दाखवली होती. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त विचारलं, "माह्या पोराले नाव नवतं का, भाऊ?" तिसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली, संतोषच्या नावासकट.

त्यानंतर ताब्यातल्या मृत्यूची कुठलीही बातमी आली, की मी ती तीनदा वाचायचो. मला वाटलं, शिकलो.

भाऊंच्या निधनाची बातमी मीच केली. फोटो, नाव, वय, पश्चात परिवार, सगळं बरोबर. सकाळी मुलीचा परत फोन. रागावली नव्हती, दमली होती.

"काका, 'अल्पशा आजाराने' काहून लिवलं? कोन म्हनलं तुमाले? आठ महिने बाबा खाटेवर होते."

कोणीच म्हणालं नव्हतं. हात आपोआप तसा चालला… किंवा तसं लिहिणं मला सोयीचं होतं. ही दुरुस्ती आज इथे करतो आहे. गौतमभाऊ आठ महिने आजारी होते. मला ते माहीत होतं. मी एकदाही भेटायला गेलो नाही.