ओल्या पायऱ्यांवरचा गणपती

कॅनडात, बर्नाबीतले आमचे शेजारी म्हणजे रग्बी लीगचे निवृत्त व्यावसायिक खेळाडू. नाक इतकं वाकडं की हसले की सगळा चेहरा डावीकडे जातो. कुंपणाशी भेटले की त्यांची शिकवणी सुरू होते, "पाडलं तरी बॉल सोडायचा नाही. उठायचं, तो जमिनीवर ठेवायचा आणि पायानं मागे सारायचा. नियमच आहे."

यंदा गणपती गाडीतून काढताना माझी कंबर धरली. ते धावत आले, मूर्ती छातीशी घेऊन निघाले आणि ओल्या पायऱ्यांवर घसरून पाठीवर आपटले. मूर्तीला ओरखडाही नाही. ते उठू लागले, तशी बायको घाबरून मराठीतच म्हणाली, "अहो, पाय नका लावू."

मराठीचा गंध नसूनही त्यांना कळलं. दोन्ही हातांनी मूर्ती तिच्याकडे देत हळूच म्हणाले, "रेफरीला सांगू नका."