काज म्हणजे

आमच्या बाबांना शब्दांची मुळं खणायचा भारी नाद. ठाण्याच्या कचेरीत दिवसभर नकला उतरवायचे आणि घरी आले की समोर येईल तो शब्द संस्कृतात नेऊन पोचवायचे. स्वराज्य नुकतंच आलं होतं, त्यामुळे परके शब्द हाकलायला त्यांना आणखीच जोर चढला होता. बटणाला ते ‘गुंडी’च म्हणायचे. काज मात्र अस्सल आपलं. “कार्य, कज्ज, काज. म्हणजे काम,” असं बोट नाचवत सांगायचे.

घरात काजं करायची ती आत्या, बाबांची थोरली बहीण. मूल नाही म्हणून सासरच्यांनी घालवून दिल्यापासून चार वर्षं ती आमच्याकडे होती. तळ्यापलीकडे वसईकडचा एक म्हातारा ख्रिस्ती शिंपी होता, त्याचे शर्ट ती घरी आणायची. कात्रीनं चीर पाडायची आणि कडेनं टाक्याला टाका भिडवून ती अशी बांधून घ्यायची की शर्ट विरला तरी काज उसवत नसे. इतका सुबक हात मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

एकदा बाबांचं पुराण ऐकून ती म्हणाली, “शिंपी म्हणतात, हा फिरंग्यांचा शब्द आहे. त्यांच्यात काज म्हणजे घर. बटणाचं घर.”

बाबा खो खो हसले. “आता शिंप्याकडून व्याकरण शिकतेस होय, ताई?”

मला असा राग आला! आत्या मात्र सुईत दोरा ओवत राहिली.

त्याच आठवड्यात तिच्या सासरहून पत्र आलं. सासूनं अंथरूण धरलं होतं, आता सून हवी झाली होती. बाबांच्या मनात तिला पाठवायचं होतं. “शेवटी तेच तुझं घर,” ते म्हणाले. त्या दिवशी आत्याची काजं वाकडी आली. सगळी उसवून तिनं पुन्हा केली.

रविवारी बाबा शिंप्याला खोटं पाडायला वाचनालयात जाऊन जाडा कोश उघडून बसले. परत आले ते टोपीही न काढता आत्यासमोर बसले.

“ताई, शिंपी बरोबर आहे. फिरंगी शब्द, पोर्तुगीज. काझा. घर.”

बाबांना चूक कबूल करताना मी प्रथमच पाहत होते, आणि ते मला फार आवडले.

आत्यानं हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला. “इतकी घरं बांधली रे मी,” ती म्हणाली. “आता या एकात राहू दे मला.”

बाबा उठले आणि उत्तर लिहायला बसले. पोस्टकार्ड पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, तेव्हा मी ते वाचलं. दोनच वाक्यं होती. ‘ताई येणार नाही. तिला इथे काज आहे.’

सासरच्यांनी ‘काज’ म्हणजे काम असंच वाचलं असणार. वाचोत बापडे.